पलीकडून आलेल्या वन्सं

१

सकाळी भांडणाचा आवाज आला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, चला, दोघी उठल्या.

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या त्या वसाहतीत जोडपी होती, एकटी माणसं होती, एक बहिणींची जोडीही होती. नणंद-भावजय मात्र या दोघीच. भावजयीला सगळी वसाहत वहिनीच म्हणायची, कारण नणंद दिवसभर त्याच नावानं हाका मारायची. नणंदेला वहिनी 'वन्सं' म्हणायच्या. वन्सं वयानं लहान, पण नवऱ्याची बहीण, म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून त्यांना अहो-जाहो. त्या मात्र वहिनींना खुशाल अगं-तुगं करायच्या. हे वहिनींना तेव्हाही टोचलं होतं आणि अजूनही टोचायचं. आयुष्यात एकदा तरी हिनं आपल्याला 'तुम्ही' म्हणावं, एवढीच इच्छा होती बिचारीची.

"वहिनी, हा चहा आहे का भांडी विसळलेलं पाणी?"

"भांडी विसळलेलं पाणी पिऊन बघितलेलं दिसतंय तुम्ही. चव बरोबर ओळखलीत."

"तुझ्या जिभेला ना, लगाम नाही."

"तुमच्या शेजारी राहून शिकले."

मग खिडकी. वन्संना वाऱ्याची झुळूक लागली की शिंका, वहिनींना बंद खोलीत जीव गुदमरायचा. मग वर्तमानपत्र. वन्सं शब्दकोडं पेनानं सोडवायच्या आणि उत्तर बसलं नाही की छापणाऱ्याला नावं ठेवायच्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे आपलं चुकेल ही शक्यताच डोक्यात नसायची. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. वहिनींची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानांवर हेडफोन चढवून परक्यांचे आवाज परक्यांना जोडून देण्यात गेलेली. भाऊ वारल्यावर या दोघीच उरल्या. वहिनींच्या दूर राहणाऱ्या मुलानं इथं फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा "मला तिच्याबरोबर ठेवू नकोस" असं दोघींनी त्याला चोरून सांगितलं होतं. मग वेगळे फ्लॅट बघायला गेल्यावर दोघींनीही नाकं मुरडली. मुलगा काय समजायचं ते समजला.

फ्लॅट चांगला होता. रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांड्या, पलंगाजवळ ओढायची लाल दोरी, बाहेर व्हरांड्यात पाऊल न वाजणारा जाड गालिचा. बाल्कनीतून मागची इमारत दिसायची. तिच्याकडे जायला काचेचा बंदिस्त रस्ता होता. आजारी पडलेल्याला तिकडं ठेवायचे. त्या इमारतीला नाव होतं, पण ते कुणी घ्यायचं नाही. सगळे 'पलीकडे' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा.

२

वन्सं न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण ताप चढला आणि त्या वहिनींना आई म्हणू लागल्या. तेव्हा लाल दोरी ओढावीच लागली. मऊ बुटांच्या दोघीजणी चाकांची खुर्ची घेऊन आल्या. लिफ्टशी पोचेपर्यंत वन्संना जरा शुद्ध आली. त्यांनी मान वळवली.

"खिडकी लावून घे गं. मी नाही म्हटल्यावर सताड उघडी टाकशील."

लिफ्टचं दार मिटलं.

भेटायला जाता येत नव्हतं. संसर्ग होतो, असं व्यवस्थापक बाई म्हणाल्या. या बाई फार गोड बोलायच्या. रोज फोन करायच्या, "छान आहेत हं तुमच्या वन्सं, लवकरच येतील घरी." वहिनींना आधी वाटलं, बरं झालं, चार दिवस कानाला आराम. दुसऱ्याच दिवशी त्यांना जेवण जाईना. घर अंगावर यायला लागलं. खिडकी त्यांनी बंदच ठेवली. हे वन्संना कळू द्यायचं नाही, असं मात्र ठरवून टाकलं.

आणि मग एका सकाळी बेल वाजली. दारात वन्सं उभ्या. खुर्ची नाही, काठी नाही. आपल्या पायांवर, ताठ, तोच करड्या रंगाचा स्वेटर.

"आले हं मी," त्या म्हणाल्या.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्या स्वयंपाकघरात पळाल्या, चहा टाकला, घाईत साखर जास्त पडली. कप पुढे करून त्या वाट बघत उभ्या राहिल्या. आता ऐकवतील काहीतरी.

वन्संनी घोट घेतला. "फार छान झालाय. तुम्ही कशाला त्रास घेतलात, वहिनी?"

तुम्ही.

वहिनी हसल्या. वाटलं, टोमणा असणार. वन्संच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिथं टोमणा नव्हता.

३

माणूस मरणाच्या दारातून परत आलं की मवाळ होतं. शिवाय औषधं असतील. वहिनींनी स्वतःची अशी समजूत घातली. आणि कशाला खोटं बोलायचं, आठवडाभर त्यांना बरंही वाटलं. "खिडकी उघडू का तुमच्यासाठी?" काय, "तुम्ही दमला असाल, बसा" काय. जे ऐकायला जन्म गेला ते सगळं घरबसल्या मिळत होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "आत्या एकदम बदललीये गं! आधीच आजारी पडायला हवी होती." वहिनीही हसल्या.

एकदा त्या कपाटं आवरत होत्या. वन्सं बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. हात चालू असताना वहिनींचं लक्ष गेलं की बाहेरून काही ऐकू येत नाहीये. वन्सं म्हणजे आवाजांचं गाठोडं. घसा खाकरणं, चप्पल फरफटणं, शब्दकोड्याशी पुटपुटणं, "मूर्ख लेकाचे" असं मधूनच. यातलं काहीच नव्हतं. डोळा लागला असेल म्हणावं, तर झोपेतही त्यांच्या नाकात शीळ वाजायची.

एक्स्चेंजमध्ये वहिनींचा कान एका गोष्टीला तयार झाला होता. फोन धरून गप्प बसलेलं माणूस आणि तुटलेली लाइन, आवाज दोन्हीकडे नसतो, पण फरक कळतो. माणूस असलं की त्या शांततेला खोली असते. बाहेरच्या खोलीतली शांतता तुटलेल्या लाइनीची होती.

त्या दबक्या पावलांनी दाराशी आल्या. उंबऱ्यावर त्यांची सावली पडली, आणि पान उलटल्याचा आवाज आला. मग खोकला. मग "मूर्ख लेकाचे," अगदी हव्या तशा सुरात. वन्संनी वर बघून हसून विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, आणि मागे सरल्या. आवाज थांबला. पुढे आल्या, पान उलटलं. मागे, थांबलं. आपण असं दारात लहान पोरीसारखं पुढंमागं करतोय याची त्यांना लाज वाटली.

वर्तमानपत्र त्यांनी नंतर उचलून बघितलं. शब्दकोडं पूर्ण भरलेलं होतं. सोपे शब्द जागेवर होते. वहिनींना ज्यांची उत्तरं आली नसती तिथं नुसतेच वेलांटी-मात्रांचे फराटे होते, लांबून अक्षर वाटावं असे.

४

समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त पीटी मास्तर राहायचे. अजूनही ताठ, अजूनही लिफ्टच्या रांगेत लोकांना सरळ उभं करणारे. त्यांची बायको मागच्या वर्षी पलीकडे जाऊन आली होती. बागेतल्या बाकावर ते एकटेच सापडले तेव्हा वहिनी शेजारी जाऊन बसल्या.

"मास्तर, तुमच्या घरचं माणूस परत आल्यावर काही वेगळं वाटलं का हो?"

"चांगली झाली अगदी," मास्तर म्हणाले. "घोरायची बंद झाली. किती वर्षं मी म्हणत होतो, बाई, घोरू नकोस, मला झोप येत नाही."

"मग आता येत असेल."

"नाही येत."

ते बुटाच्या टोकानं खडे सारखे करत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "लग्नाआधी मला एक मुलगी आवडायची. शाळेच्या मैदानापलीकडे घर होतं तिचं. बोललो कधीच नाही, ना तिच्याशी, ना दुसऱ्या कुणाशी. परवा आमची ही जेवता जेवता म्हणाली, 'तिची आठवण येत असेल तर सांगत जा हो. मला राग नाही.'"

"त्यांना कुठून कळलं?"

"माझ्याकडूनच, आणखी कुठून? पण मी तोंड उघडलं नव्हतं, वहिनी." मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं. "आणि आमच्या सोयरिकीची, तिच्या माहेरची एक भानगड होती. ती तिलाच ठाऊक. ती मी विचारली तर नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हसत. मी काहीतरी सुचवावं म्हणून थांबल्यासारखी."

दोघांचीही नजर काचेच्या रस्त्याकडे गेली.

"मग खऱ्या कुठं आहेत?" वहिनींनी विचारलं. विचारल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, की हा प्रश्न असा सरळ तोंडातून गेला.

मास्तर उठले. "मी बघायला गेलो नाही," ते म्हणाले. "तुम्हीही जाऊ नका."

५

दोघींच्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी एकच गोष्ट असायची. वहिनींचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या दिवशी वन्सं म्हणाल्या होत्या, "तू घरी जाऊन जरा पड. मी आहे इथं." वहिनी गेल्या. अंथरुणाला पाठ टेकताच त्यांना मेल्यासारखी झोप लागली. उठल्या तेव्हा वन्सं दारात उभ्या होत्या.

"काही म्हणाले का ते?"

"म्हणाला. सांगीन कधीतरी."

ते कधीतरी आलंच नाही. वहिनींनी भांडून बघितलं, रडून बघितलं, अबोला धरून बघितला. वन्संच्या मनात काय होतं कोण जाणे. ते शब्द कडू होते म्हणून त्या गिळून बसल्या होत्या, की भावाचं तेवढं एकच आपल्याकडे उरलंय म्हणून सोडवत नव्हतं? वहिनींनी मग आपल्यापुरते शब्द तयार केले होते. 'तिला उठवू नकोस. दमलीये ती.' पडल्या पडल्या हे त्या मनात म्हणायच्या, अगदी नवऱ्याच्या आवाजात, मधे दम लागल्यासारखं थांबून. ओठ कधी हलवले नव्हते.

मास्तरांशी बोलणं झालं त्या संध्याकाळी त्या करड्या स्वेटरसमोर जाऊन बसल्या.

"वन्सं, ते जाताना काय म्हणाले?"

वाटत होतं, आता नुसती हसेल, गप्प बसेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. समोरच्या चेहऱ्यावर माया दाटून आली.

"तिला उठवू नकोस," ती म्हणाली. मधे थांबली, दम लागल्यासारखी. "दमलीये ती."

तिनं पुढं होऊन वहिनींचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. कितीतरी वेळ त्यांना तो सोडवून घ्यावासाच वाटला नाही, आणि या गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

६

दुपारी वसाहत आडवी होते तेव्हा वहिनी निघाल्या. करड्या स्वेटरातली ती बाहेरच्या खोलीत बसली होती. "जरा पाय मोकळे करून येते" म्हटल्यावर "सावकाश जा हं" म्हणाली.

काचेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंड्या होत्या. पानं पुसून लख्ख केलेली. वहिनींनी एक पान चिमटीत धरून बघितलं, खरं होतं. शेवटचं दार आपोआप सरकलं. टेबलापाशी कुणी नव्हतं. पाणी उकळायची किटली नुकती बंद झाली होती, वाफ निघत होती.

आतला व्हरांडा त्यांच्याच व्हरांड्यासारखा होता. तोच गालिचा, तीच रुंद दारं. फरक एवढाच की इथल्या दारांना वीतभर रुंदीची जाड काच बसवलेली होती. वहिनी कुठल्याच काचेतून बघत नव्हत्या. ऐकू मात्र येत होतं. प्रत्येक दारामागे दोन आवाज, हळू, समजुतीचे, शब्द कळणार नाहीत असे. कुणी कुणावर ओरडत नव्हतं. इतकी आजारी माणसं, आणि कुणी कण्हत नव्हतं. त्या एकावर एक साचलेल्या गोड कुजबुजीतून वहिनी भराभर चालत राहिल्या.

आणि टोकाच्या दारामागून आलं, "अगं, ऐकतेस का? का नुसती मान हलवतेस?"

खरखरीत, तोडून टाकणारा, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. अगं! वहिनी त्या वयात धावल्या. काचेला नाक लावलं.

वन्सं पलंगावर होत्या. उशीत बुडालेल्या, निम्म्याही राहिल्या नव्हत्या, पण त्याच. नाकावरचा राग तोच. पलंगाशेजारी खुर्चीत कुणी दाराकडे पाठ करून बसलं होतं. खांद्यावर निळी शाल, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा. शाल वहिनींची होती. ती या क्षणी वहिनींच्या खांद्यावरही होती.

वन्संचा आवाज उतरला. खुर्चीतल्या बाईनं मान खाली घातली आणि वन्संचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वन्सं आता हळू हळू काही सांगत होत्या. सांगताना रडत होत्या. वहिनींनी त्यांना भाऊ गेला तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. काच जाड होती. ओठांवरून दोनच शब्द ओळखता आले, 'जाताना' आणि 'म्हणाला'. पुढचं सगळं त्या खुर्चीतल्या कानात गेलं.

"वन्सं!" वहिनींनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "वन्सं, तिला नका सांगू! मी इथंय! अहो, मी आहे इथं!"

वन्संनी वर बघितलं. काचेतला चेहरा त्यांना दिसला, आणि त्यांचे डोळे भीतीनं पांढरे झाले. खुर्चीतल्या बाईचा हात त्यांनी छातीशी ओढून धरला, अंधारात पोर आईला धरतं तसा. खुर्चीतली बाई सावकाश मान वळवायला लागली. वहिनींना आधी कान दिसला. त्याची वरची कड चपटी झालेली होती, वर्षानुवर्षं हेडफोन बसून होते तशी.

चेहरा दिसायच्या आत वहिनींच्या खांद्यावर हात पडला.

"वहिनी, तुम्ही इकडं कशा?" व्यवस्थापक बाई गोड हसत होत्या. "चला. घरी तुमच्या वन्सं वाट बघतायत."

७

मुलगा दोन दिवसांनी आला. वहिनींनी त्याला बाल्कनीत नेऊन दार लावून सगळं सांगितलं. त्यानं मधे तोडलं नाही. गुणी होता, लहानपणापासून ऐकून घेणारा. ऐकता ऐकता त्याचे डोळे मात्र काचेतून आत जात होते. आत आत्या त्याच्यासाठी सफरचंद कापत बसली होती.

"आई, तुझं वजन किती उतरलंय बघ," तो शेवटी म्हणाला.

"मी काय सांगतेय आणि तू काय बोलतोयस?"

"ऐकलं मी. तुला भास झाला असंही म्हणत नाही. पण तूच सांग, आत्या वाईट वागते का?"

"नाही."

"त्रास देते?"

"अरे, तेच तर!" वहिनी ओरडल्या. "त्रास देत नाही! तुझी आत्या तासभर तरी त्रास दिल्याशिवाय राहिली आहे का कधी?"

मुलानं कपाळावर हात ठेवला. खाली बागेत मास्तर बायकोबरोबर फिरत होते. वहिनींनी वरून हाक मारली, "मास्तर! याला सांगा हो, तुम्ही मला काय म्हणालात ते!" मास्तर थांबले. त्यांच्या बायकोनं वर बघून हात हलवला. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि म्हणाले, "ऊन लागतंय, आत जा." मग तिचा हात धरून ते पुढं गेले.

व्यवस्थापक बाईंशी मुलाचं बोलणं दार लोटून झालं. बाहेर आल्यावर तो आईशेजारी बसला.

"थोडे दिवस विश्रांती घे, आई. पलीकडे. बघायला डॉक्टर असतात तिथं."

त्याला वाटलं होतं, आई आकांडतांडव करेल. वहिनी त्या टोकाच्या दाराचा विचार करत होत्या. तिथं जायचा दुसरा रस्ता उरला नव्हता.

"जाते," त्या म्हणाल्या. "माझं माणूस आहे तिथं."

मुलानं सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खूप वर्षांनी ठेवलं होतं. त्याच्या केसांवरून हात फिरवताना वहिनींना कळत होतं की हे शेवटचं आहे, आणि हे त्याला सांगून काही उपयोग नाही.

निघताना करड्या स्वेटरातली ती दारापर्यंत आली. "लवकर या हं," म्हणाली. लिफ्टचं दार मिटेपर्यंत उभी राहिली. मिटल्यावर ती काय करते, उभीच राहते का, हे बघायला तिथं कुणी नव्हतं.

८

पलीकडे त्यांना एक स्वच्छ खोली मिळाली आणि एक इंजेक्शन. नंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. कधी डोळे उघडले की पलंगाशेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असायचं. "झोपा तुम्ही, मी आहे," असं मायेनं म्हणायचं. वहिनी तोंड भिंतीकडे करायच्या. डोक्यात चांगलं काही येऊ द्यायचं नाही, काही मागायचं नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. कधी डोळ्यांत उजेड टाकून डॉक्टर बघायचे, कधी कुणी केस विंचरून अंबाडा घालून द्यायचं. एकदा त्यांची निळी शाल खुंटीवरून गेलेली दिसली. विचारायचं त्राण नव्हतं.

मग एका दुपारी खुर्ची रिकामी होती. खोलीत कुणी नव्हतं. डोकं चक्क स्वच्छ होतं. वहिनी उठल्या, भिंत धरत व्हरांड्यात आल्या. कुणी अडवलं नाही. टोकाच्या दाराची मूठ फिरवली, ते उघडलं.

वन्सं एकट्याच होत्या. पलंगाशेजारची खुर्ची इथंही रिकामी. वहिनी तिच्यात बसल्या. इतक्या जवळून तो रागीट, सुरकुतलेला चेहरा बघून त्यांना रडू आवरेना.

"वन्सं, आले मी."

वन्संनी डोळे उघडले. बराच वेळ न्याहाळलं. "ती कुठंय?"

"कोण ती? मी आहे ना."

"माझी वहिनी कुठंय? सकाळपासून आली नाही."

"अहो, मीच वहिनी. नीट बघा. ती मी नव्हते वन्सं, ती कुणीतरी दुसरीच होती. मला येऊ देत नव्हते. तुम्हाला ते जाताना काय म्हणाले, ते मला सांगायचं होतं ना? आता सांगा."

"सांगितलं की तिला," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. "सगळं सांगितलं. हलकं झालं बघ. इतकी वर्षं वाटायचं, तिला सहन होणार नाही. तिनं काही म्हटलं नाही. हात धरून बसली नुसती."

"मग मलाही सांगा."

"तुला कशाला? तू कोण?"

"वन्सं!" वहिनींचा तोल गेला. "उभा जन्म माझं डोकं खाल्लंत, मला छळलंत, आणि आता म्हणता तू कोण? डोळे फुटले का तुमचे? का म्हातारपणी अक्कलही गेली? मी ओळखू येत नाही तुम्हाला?"

बोलता बोलता त्यांना वाटलं, आता ओळखतील. या आवाजाला तरी ओळखतीलच.

वन्संच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. भुवई चढली. ओठ उत्तर द्यायला विलगले, आणि वहिनी पुढं झुकल्या. मग ते सगळं विझलं. वन्संनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"माझी वहिनी मला उलट बोलत नाही," त्या म्हणाल्या, आणि कूस बदलली.

कधीतरी वहिनी उठून खिडकीशी गेल्या. खाली, काचेच्या रस्त्यावरून एक बाई वसाहतीकडे चालली होती. खांद्यावर निळी शाल. चाल उजव्या पायावर किंचित जड, वहिनींसारखीच. पलीकडच्या टोकाला करड्या स्वेटरातली कुणी तिला घ्यायला आली होती. दोघी भेटल्या, काही बोलल्या, एकमेकींचा हात धरून आत गेल्या.

तिला सगळं ठाऊक होतं. यजमान जाताना काय म्हणाले ते तिला सांगितलेलं होतं. धावत जाऊन तिला गाठावं, खांदे धरून गदागदा हलवावं, असं वहिनींच्या मनात आलं. त्या दारापर्यंत गेल्याही. दार उघडंच होतं, बाहेर कुणी नव्हतं. मुठीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. आणि मग त्यांना कळलं, तिला विचारलं तर ती काय सांगेल. मायेनं सांगेल. मधे थांबून, दम लागल्यासारखं.

त्यांनी दार हलकेच लोटलं, वन्संची झोप मोडू नये म्हणून.